जुनं कार्पेट काढलं, आता खालच्या जमिनीचं काय करायचं?

वाईची_पोर

नमस्कार मंडळी. सेंट्रल न्यू जर्सीत आमचं १९६४ सालचं स्प्लिट-लेव्हल घर आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. वरच्या दोन बेडरूम आणि खालची फॅमिली रूम, तिन्हीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत जुनं कार्पेट. आधीच्या मालकांकडे कुत्रा होता. माझे आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात येताहेत, चांगले पाच-सहा महिने राहणार आहेत. बाबांना दमा आहे. मागच्या खेपेला कित्येक रात्री त्यांनी उशीला टेकून बसून काढल्या आणि सकाळी आम्हाला म्हणायचे, "छान झोप लागली." या वेळी ते यायच्या आत कार्पेट घरातून गेलंच पाहिजे.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या खोलीतलं कार्पेट काढलं. खोली १२ बाय १३ फूट. खाली प्लायवूड निघालं. मैत्रिणीच्या घरात कार्पेटखाली ओकच्या पट्ट्या निघाल्या होत्या, म्हणून मीही आशेने आधी हीटिंगची जाळी (जमिनीतून गरम हवा येते ती) उचलून पाहिलं होतं. आमच्याकडे नाहीत. आता भिंतीलगत उलट्या खिळ्यांच्या पट्ट्या आहेत, जमिनीत शेकड्यांनी स्टेपल आहेत, खिडकीपाशी दोन मोठे काळे डाग आहेत, आणि दारातून पलंगाकडे जाताना तीन ठिकाणी जमीन करकरते. कार्पेट होतं तेव्हा हा आवाज एवढा जाणवत नव्हता.

खालच्या फॅमिली रूमचा एक कोपरा नवऱ्याने उचलून पाहिला. तिथे सिमेंटवर राखाडी-हिरव्या चौकोनी फरश्या आहेत, ९ इंच बाय ९ इंच. दोन फुटलेल्या होत्या, त्या त्याने पटाशीने खरवडून काढल्या. खाली काळा डांबरासारखा थर आहे. बाकीच्या घट्ट बसलेल्या आहेत.

ज्यांना काम द्यायचा विचार आहे ते म्हणतात, नुसतं झाडून घ्या, वरून क्लिकचं व्हायनिल (एकमेकांत अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) एका दिवसात टाकून देतो. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे. आमच्या हाताने काय होईल, काय होणार नाही, कोणत्या क्रमाने करावं, कृपया सांगा.

ओळंबा

ताई, वरच्या खोलीबद्दल रात्री सविस्तर लिहितो. आत्ता फक्त खालच्या खोलीबद्दल, आणि हे आजच करा.

त्या खोलीतलं काम थांबवा. ९ इंची चौकोनी फरशी, १९६४ चं घर, खाली काळा डिंक: हे वर्णन ॲस्बेस्टॉसच्या फरशीचं आहे, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसांना घातक असतात ते. असेलच असं नाही, पण तपासणी होईपर्यंत आहे असंच धरून चाला. खरवडलेले तुकडे आणि भुगा झाडू नका. साध्या व्हॅक्यूमने तर अजिबात ओढू नका, त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू मागच्या बाजूने हवेत फेकले जातात. फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारून तो भाग ओला करा, वर जाड प्लॅस्टिक टाकून कडा टेपने चिकटवा, त्या खोलीतल्या हीटिंगच्या जाळ्या बंद करा आणि दार लावून घ्या. उचललेला कोपरा परत खाली दाबायच्या भानगडीत पडू नका.

मिस्टरांना सांगा, दोन फरश्या काढल्या म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांचा. फक्त यापुढे त्यात हात घालायचा नाही.

निशिगंध

ओळंबा म्हणतात ते शंभर टक्के खरं. आम्ही पेनसिल्व्हेनियात यातून गेलोय, म्हणून लिहिते.

आमच्या तळघरात अगदी अशाच फरश्या होत्या, चॉकलेटी रंगाच्या. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. फरशीचा तुकडा एका पिशवीत, काळ्या डिंकाचा वेगळ्या पिशवीत. दोन्ही वेगवेगळे तपासायला सांगायचे, कारण कधी फरशी स्वच्छ निघते आणि डिंकात ॲस्बेस्टॉस असतं. तुमच्याकडे तुकडे आधीच सुटलेले आहेत, तरी नमुना स्वतः घेण्यापेक्षा परवाना असलेल्या तपासनिसाला बोलवा.

रिपोर्ट "आहे" असा आला तेव्हा माझे हातपाय गळाले होते. मुलगी दीड वर्षाची होती आणि ती त्या खोलीत रांगली होती, अर्थात कार्पेटवरून. तपासनीस बाईंनी मला खुर्चीवर बसवून समजावलं की फरशी अखंड आहे, घट्ट बसलेली आहे, तोवर तंतू त्यातच बांधलेले असतात. फोडली, घासली, सँडर (घासायचं मशीन) मारला की ते सुटतात. त्यामुळे पुष्कळदा सगळ्यात सुरक्षित उपाय हाच की ती आहे तिथे राहू द्यायची आणि वरून नवीन जमीन घालायची. आम्ही तेच केलं. फुटक्या चार फरश्या तेवढ्या परवानाधारक लोकांनी ओल्या करून काढल्या, खड्डे सिमेंटच्या पॅचने भरले, वर तरंगती जमीन घातली. तिला खाली डिंकही लागत नाही आणि खिळेही नाहीत. घर विकताना सांगता यावं म्हणून रिपोर्ट फाइलला लावून ठेवलाय.

दुकानात मिळणारा साधा एन-९५ मास्क या कामाला पुरत नाही, हेही लक्षात ठेवा.

ओळंबा

आता वरची खोली. मी ओहायोत राहतो. गेल्या सोळा वर्षांत स्वतःच्या दोन घरांतल्या आणि मित्रांच्या घरांतल्या मिळून अकरा खोल्या या हातांनी केल्या. माझे वडील तासगावकडे गवंडी होते. शहाबादी बसवून झाली की ते तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठे जातं, कुठे थांबतं ते बघत राहायचे. घरमालक म्हणायचा, झालं की आता, चहा घ्या. ते उठत नसत. पाणी थांबलं तिथली फरशी उचलून खालचा माल पुन्हा सारखा करायचे. तुम्हाला "नुसतं झाडून घ्या" हे का पटलं नाही, त्याचं उत्तर त्या तांब्यात आहे.

आधी खिळ्यांच्या पट्ट्या. जिथे खिळा जमिनीत ठोकलाय बरोबर त्याच्या शेजारी छोटी पहार घालून उचकटा, म्हणजे पट्टी फुटत नाही. हातात चामड्याचे मोजे, पायात जाड तळाचे बूट. काढलेल्या पट्ट्या तशाच काळ्या पिशवीत टाकू नका, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या मांडीत घुसतात. हातभर तुकडे करून जुन्या कार्पेटच्या गुंडाळीत घाला आणि वरून टेप मारा.

मग स्टेपल. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. गुडघ्याला पॅड बांधा, पक्कड आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फूटभर रुंदीच्या पट्ट्यात सरकत जा. अर्धा स्टेपल तुटून एकच पाय वर राहिला तर तो पकडून ओढा, नाही निघाला तर हातोडीने खोल बसवा. झालं असं वाटलं की खोलीत अंधार करा आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. राहिलेला प्रत्येक स्टेपल लांब सावली टाकतो. त्यानंतर जाड मोज्याचा हात करून सगळीकडे हलकेच फिरवायचा, जिथे धागा अडकला तिथे अजून आहे. माझ्या पहिल्या खोलीत मी हे केलं नव्हतं. व्हायनिल पातळ असतं. दोन वर्षांत तीन जागी खालून डोकं दिसायला लागलं.

करकर. ही आत्ताच घालवा, नंतर वरून काहीही करता येणार नाही. प्लायवूड खालच्या जॉइस्टपासून (जमिनीला आधार देणाऱ्या आडव्या लाकडी तुळयांपासून) किंचित सुटलेलं असतं. पाय पडला की ते जुन्या खिळ्यावर वर-खाली घासतं, तो आवाज. एकाने खडू घेऊन बसायचं, दुसऱ्याने हळूहळू चालायचं, आवाज आला की तिथे फुली. प्लायवूडवर खिळ्यांच्या सरळ ओळी दिसतील. त्या ओळींखाली जॉइस्ट असतात, बहुतेक १६ इंचांवर एक. त्याच ओळीत, खिळ्यांच्या मध्ये, दर ६ ते ८ इंचांवर दोन इंची स्क्रू मारा. स्क्रू घालताना दुसऱ्या माणसाने तिथे वजन देऊन उभं राहावं. स्क्रूचं डोकं लाकडाच्या किंचित खाली गेलं पाहिजे. यापेक्षा लांब स्क्रू घेऊ नका, आणि दोन जॉइस्टच्या मध्ये उगाच भोकं पाडू नका, खालून वायर किंवा पाण्याचा पाइप गेलेला असू शकतो. फुल्यांच्या जागीच नाही, सगळ्या खोलीत मारा. स्क्रूचं एक मोठं खोकं लागेल, तास-दोन तास जातील.

काळे डाग. कुत्र्याचे आहेत हे गृहीत धरा. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे दाबून बघा. लाकूड कडक असेल तर पुढे वाचा. टोक आत रुतलं तर तेवढं प्लायवूड कापून, जॉइस्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत नवीन तुकडा बसवावा लागेल, आणि त्याला सुतार बोलवा. कडक असेल तर एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या, मग पंखा लावून चार-पाच दिवस पूर्ण सुकवा. त्यावर शेलॅकचा प्रायमर, दोन हात. साधा पाण्याचा प्रायमर हा वास अडवत नाही. लघवीतले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून आत्ता एप्रिलमध्ये वास नाही असं वाटेल आणि जुलैच्या दमट हवेत, नेमके तुमचे बाबा तिथे झोपलेले असताना, तो वर येईल. शेलॅकला स्पिरिटचा उग्र दर्प असतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास कुठलीही ज्योत नको, आणि हे काम त्यांच्या येण्याच्या किमान तीन आठवडे आधी संपवा.

आता तांब्याचं काम. लाकडावर पाणी ओतायचं नाही, सहा फुटी लेव्हलची पट्टी घ्यायची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जमीन समपातळीत नसली तरी चालतं. १९६४ चं घर एका बाजूला थोडं बसलेलं असणारच. जमीन सपाट हवी. म्हणजे पट्टी आडवी, उभी, तिरकी, कशीही ठेवली तरी खाली फट दिसता कामा नये. बऱ्याच कंपन्या सहा फुटांत पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर फट चालवून घेतात, तुमच्या खोक्यातल्या कागदावर आकडा असेल तो प्रमाण. मी खिशातले दोन क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) एकावर एक ठेवून पट्टीखाली सरकवून बघतो. आत गेले तर ती जागा भरायची किंवा घासायची. क्लिकची पट्टी पोकळीवर आली की प्रत्येक पावलाला लवते, मग तिची जीभ तुटते आणि सांधे उघडायला लागतात.

उंचवटे बहुतेक प्लायवूडच्या सांध्यांवर निघतात, कडा फुगलेल्या असतात. तिथे बेल्ट सँडर. खोलगट जागा सिमेंटच्या पॅचने भरा, पण पिशवीवर लाकडावर चालतो असं लिहिलेला पॅचच घ्या, आणि तो सांगतो तो प्रायमर आधी लावा. हा फक्त वरच्या खोलीतल्या उघड्या प्लायवूडचा विषय आहे. खाली फरशीवर सँडर न्यायचा नाही.

भिंतीलगतच्या बेसबोर्डच्या पट्ट्या काढणार असाल तर प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने कोणत्या भिंतीची ते लिहा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, तुमचं घर त्याआधीचं. तो रंग कोरडा घासू नका, लहान मूल घरात असेल तर आधी तपासून घ्या.

आणि बाबांसाठी म्हणून एक जास्तीचं. कार्पेट आणि खालचा फोम निघाला की पिठासारखी बारीक धूळ राहते, कित्येक वर्षांची. ती हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने दोनदा ओढा, एकदा स्टेपल काढल्यावर आणि एकदा सँडिंगनंतर. काम चालू असताना त्या खोलीतल्या हीटिंगच्या जाळ्यांवर प्लॅस्टिक चिकटवा. सगळं संपल्यावर घर गरम करणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदला. बाहेरच्या धुळीपेक्षा नळीत जाऊन बसलेली धूळ त्यांना जास्त छळेल.

कसबेकर

विषय अमेरिकेचा आहे, पण पुण्यात कुणी वाचत असेल तर. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकांनी मोझेक फरशीवर कार्पेट डिंकाने चिकटवलं होतं. कार्पेट निघालं, डिंक राहिला. कामगारांनी रॉकेलने पुसून काढला, दिसायला साफ झाला, पण तेलकटपणा मोझेकमध्ये मुरला आणि नंतर लावलेल्या शीटचा डिंक धरलाच नाही. पावसाळ्यात सगळी शीट कडेने वर आली. डिंक पातीने कोरडाच खरवडायचा, वेळ लागला तरी. आणि नवीन काही घालायच्या आधी सगळ्या फरश्या नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजते ती उचलून पुन्हा बसवायची.

वाईची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबाकाका, तुमच्या वडिलांचा तांब्या वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या वाईच्या घराची पडवी आजी शेणाने सारवायची. सारवायच्या आधी ती मुरमाची खळगी बोटाने चाचपून भरायची, ते आठवलं.

चार आठवडे झाले, काय झालं ते लिहिते. खालचा रिपोर्ट आला: फरशीतही आहे आणि डिंकातही. निशिगंध, तुझ्या बोलण्याचा खूप आधार झाला. परवानाधारक लोक येऊन भुगा आणि तो कोपरा स्वच्छ करून गेले, अर्ध्या दिवसाचं काम, बिल मात्र आमच्या अंदाजाच्या दुप्पट. बाकीच्या फरश्या तशाच ठेवणार आहोत. वर तरंगती जमीन घालायच्या आधी ओल तपासायला हवी होती. भट्टीच्या खोलीत त्याच स्लॅबचं उघडं सिमेंट आहे, तिथे १८ इंची चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, चांगले १६ तास ठेवलं. सकाळी खाली एक थेंब नव्हता, सिमेंटही काळवंडलं नव्हतं. तरी खालची खोली आई-बाबा आल्यानंतर, सावकाश करू. तोवर तिचं दार बंद.

वरची खोली तयार झाली. स्टेपल मी मोजले नाहीत, पण कॉफीचा डबा भरला. टॉर्च आडवा ठेवला तेव्हा साफ झालेल्या जमिनीवर अजून सत्तावीस सावल्या होत्या, त्या मात्र मोजल्या. एका डागाचं लाकूड मऊ निघालं, सुताराकडून दोन फुटी तुकडा बदलून घेतला. करकर पूर्ण गेली. रात्री बारा वाजता अनवाणी त्या वाटेने दारापासून पलंगापर्यंत चालून पाहिलं, काही म्हणजे काही आवाज नाही. बाबा रात्री दोनदा तरी उठतात, आणि आपल्या पावलांनी घर जागं होईल म्हणून अंधारात भिंत धरून चालतात.

व्हायनिलची खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवली आहेत. शनिवारी घालणार. एकच शंका उरली. भिंतीलगत पाव इंच जागा मोकळी ठेवा असं कागदावर आहे, पण बेसबोर्ड परत लावल्यावर एका भिंतीला ती फट थोडी दिसेल असं वाटतंय. व्हायनिलची पट्टी अगदी भिंतीपर्यंत नेली तर?

ओळंबा

नेऊ नका. उन्हाळ्यात ती फुगते, तिला सरकायला जागा लागते, नाहीतर मधोमध उचलली जाईल. दारांच्या चौकटी मात्र खालून कापून घ्या म्हणजे पट्टी चौकटीखाली सरकेल. उरलेली पट्टी उलटी ठेवून त्यावर करवत आडवी धरली की बरोबर उंची मिळते. फट झाकायला बेसबोर्डपुढे पातळ गोल कडेची पट्टी मिळते, ती लावा. ठोकताना खिळा बेसबोर्डमध्ये जाऊ द्या, जमिनीत नको.